लाइट रेल येतेय, मग बसचे रूट नव्याने कसे आखायचे? सुरुवातीपासून शेवटपर्यंत

शहरात लाइट रेल (मेट्रोपेक्षा हलकी, ट्रामच्या जातीची) किंवा मेट्रो येणार म्हटलं की सगळी चर्चा पिलरची, स्टेशनच्या नावांची आणि उद्घाटनाला कोण येणार याची. बसचं काय करायचं हे उद्घाटनाच्या दोन-तीन महिने आधी कुणाला तरी आठवतं आणि उत्तर ठरलेलं असतं, "स्टेशनपासून फीडर सोडू." मग चार मिनी बस घ्यायच्या, वेगळा रंग द्यायचा, स्टेशनभोवती गोल फिरवायच्या आणि वर्षभराने "रिकाम्याच धावतात" म्हणून गुपचूप बंद करायच्या. हा लेख त्या फीडरबद्दल नाहीये. आहेत त्याच बस, आहेत तेच ड्रायव्हर, आणि रेल सुरू झाल्यामुळे बसचा जो वेळ मोकळा होतो तो कुठे लावायचा, याबद्दल आहे. सगळी गोम तिथेच आहे.

उदाहरणं मुख्यतः सिॲटलची घेतोय, कारण तिथे हे काम एकदाच होऊन थांबलेलं नाही, लिंक लाइट रेल जसजशी पुढे सरकली तसतसं २०१६, २०२१ आणि २०२४ मध्ये परत परत करावं लागलं आणि प्रत्येक वेळचे धडे उघड दिसतात. शिवाय बेलव्यू-रेडमंड भागात मराठी मंडळी भरपूर आहेत, त्यांच्या रोजच्या जाण्यायेण्याचाच हा विषय आहे. मधे मधे अमेरिकेतलंच ह्यूस्टन आणि कॅनडातलं ओटावा. पुण्यातली मेट्रो लाइट रेल नाही हे माहितीये, पण बसच्या बाजूचं गणित तेच आहे, त्यामुळे तिकडेही डोकावू.

आधी हे ठरवा की बस कुणासाठी

नकाशा उघडायच्या आधी एक भांडण करून घ्या. बस जास्तीत जास्त प्रवासी नेण्यासाठी आहे की शहराच्या प्रत्येक कोपऱ्यात निदान एक तरी बस जावी यासाठी? दोन्ही हवं हे बरोबर, पण पैसे एकच आहेत आणि एक बस एका वेळी एकाच रस्त्यावर धावते. गजबजलेल्या रस्त्यावर दर १० मिनिटाला बस सोडली तर गर्दी मिळते, लांबच्या सोसायटीपर्यंत तासाला एक बस नेली तर चार आजी-आजोबांची सोय होते पण गाडी रिकामी दिसते. दुसरी बस चुकीची नाही, तिचं काम वेगळं आहे एवढंच.

ह्यूस्टनने हे फार सरळ केलं. त्यांच्या मेट्रो संस्थेच्या (बस आणि रेल दोन्ही तीच चालवते) बोर्डानेच सांगून टाकलं की बसच्या खर्चातला ८० टक्के भाग प्रवासी वाढवण्यासाठी आणि २० टक्के कानाकोपऱ्यात पोचण्यासाठी. मग जॅरेट वॉकर वगैरे सल्लागारांनी त्या आकड्यात बसेल असं जाळं आखलं आणि १६ ऑगस्ट २०१५ ला, रविवारी, शहराचे लोकल बस रूट एका दिवसात बदलले. तिथली लाइट रेल २००४ पासून होती, दोन नव्या लाइन त्याच वर्षी मे महिन्यात आल्या होत्या. आकडा ८०-२० च असावा असं काही नाही, तुमचा ६०-४० असेल. पण तो लिहून, मंजूर करून ठेवा, नाहीतर पुढे प्रत्येक नगरसेवक आपापल्या वॉर्डातली बस वाचवायला येतो तेव्हा तुमच्याकडे बोलायला काही उरत नाही.

कुठली माहिती गोळा करायची

खूप डेटा लागतो असं नाही, नेमका लागतो. स्टॉपनिहाय किती लोक चढले आणि किती उतरले, हे वेगवेगळं. आपल्याकडे तिकीट मशीनमधून चढलेल्यांचा स्टॉप मिळतो, उतरायचा स्टेज मिळतो, पण पासवाल्यांचं काहीच कळत नाही, त्यामुळे निदान आठवडाभर माणसं बसवून मोजणी करावीच लागते. सिॲटलकडच्या बसमध्ये दारावर सेन्सर असतात, त्यांचं सोपं आहे.

दुसरं म्हणजे बस प्रत्यक्षात किती वेळात पोचते. वेळापत्रकातला वेळ नको, जीपीएसमधला खरा वेळ हवा, तोही सकाळी ७, ९, दुपारी २, संध्याकाळी ६, रात्री ९ असा तुकड्यातुकड्याने, कारण सरासरी काढली की नेमका जिथे त्रास आहे तो भाग लपतो.

तिसरं बऱ्याच वेळा राहूनच जातं ते म्हणजे लोकांना कुठे जायचंय. बस सगळ्या मध्यवर्ती स्टँडला जातात म्हणून लोकांना तिथेच जायचंय असा समज होतो. पुण्यात बघा, अर्धं जाळं स्वारगेट, मनपा, डेक्कन, पुणे स्टेशन यांच्याभोवती विणलेलं आहे, मग कागदावर स्वारगेटला प्रचंड मागणी दिसणारच, पण त्यातल्या कितीजणांना स्वारगेटला काम असतं आणि कितीजण तिथे दुसरी बस पकडायला उतरतात? स्टँडवर उभं राहून दोन-तीनशे लोकांना "आता इथून पुढे कुठे?" एवढं जरी विचारलं तरी चित्र पालटतं.

ही माहिती क्यूजीआयएस या नकाशाच्या सॉफ्टवेअरमध्ये टाका (फुकट आहे, यूट्यूबवर बघून चार दिवसांत येतं). रूट जीटीएफएस फॉरमॅटमध्ये (रूट-वेळापत्रकाची सगळीकडे चालणारी मांडणी) असतील तर ओपनट्रिपप्लॅनरसारख्या फुकट टूलमधून "या चौकातून ४५ मिनिटांत कुठवर पोचता येतं" असे नकाशे काढता येतात. पुढे लोकांसमोर जाल तेव्हा या नकाशाइतकं काहीच कामाला येत नाही.

रेलला समांतर धावणारा तुकडा शोधा आणि हिशोब मांडा

आता मुख्य काम. रेलची लाइन नकाशावर ठेवा आणि तिच्या शेजारून त्याच दिशेने जाणाऱ्या सगळ्या बस रंगवा. प्रत्येक रूटसाठी एकच प्रश्न, या तुकड्यावर रेल जास्त वेगाने आणि जास्त वेळा जाते का? दोन्हीचं उत्तर हो असेल तर तो तुकडा कापायचा उमेदवार.

सिॲटलमधलं २०१६ चं उदाहरण घ्या. युनिव्हर्सिटी डिस्ट्रिक्टमधून डाउनटाउनला जाणाऱ्या ७१, ७२, ७३ या बस खच्चून भरायच्या, हायवेवर अडकल्या की अडकल्या. १९ मार्च २०१६ ला लिंक युनिव्हर्सिटी ऑफ वॉशिंग्टनपर्यंत पोचली, डाउनटाउनपासून साधारण ८ मिनिटं, ट्रॅफिकशी संबंध नाही. मग २६ मार्चला बसचे बदल आले, ७२ गेली, ७१ आणि ७३ डाउनटाउनला जायच्या बंद होऊन युनिव्हर्सिटी स्टेशनला जोडल्या, आणि ६५, ६७, ७५ यांच्या फेऱ्या वाढल्या. म्हणजे हायवेवर उभं राहण्यात जाणारे बसचे तास वस्त्यांमध्ये आले.

हे तास नेमके किती, ते मांडायची पद्धत सोपी आहे, मी एक काल्पनिक रूट घेतो. एका टोकापासून दुसऱ्या टोकाला ४५ मिनिटं, दोन्ही टोकांना ९-९ मिनिटं थांबा (म्हणजे धावायच्या वेळेच्या पाचवा भाग, ट्रॅफिकच्या शहरात या प्रमाणापेक्षा कमी ठेवला तर दुपारपर्यंत अख्खं वेळापत्रक कोसळतं). म्हणजे पूर्ण फेरा १०८ मिनिटांचा. दर १२ मिनिटाला बस हवी तर १०८ भागिले १२, ९ गाड्या.

आता हाच रूट स्टेशनवर तोडला. जाण्याचा वेळ २५ मिनिटं, टोकांना ५-५, फेरा ६० मिनिटांचा. तीच १२ मिनिटांची बस आता ५ गाड्यांत होते. चार गाड्या मोकळ्या. इथेच निर्णय आहे. त्या चार गाड्या "बचत" म्हणून डेपोत उभ्या केल्या तर तुम्ही लोकांची थेट बस काढून घेतलीत आणि बदल्यात काही दिलं नाहीत, बास, विषय संपला, लोक दुचाकी काढणार. त्याऐवजी एक गाडी याच रूटवर परत टाका, ६ गाड्यांत दर १० मिनिटाला बस मिळते. उरलेल्या तीन गाड्यांत ४५ मिनिटांच्या फेऱ्याचा एक आडवा रूट दर १५ मिनिटांनी काढता येतो, जो आधी नव्हताच.

दोन गोष्टी मात्र तपासा. बचत फक्त सकाळ-संध्याकाळची आहे का? बऱ्याच शहरांत समांतर बस गर्दीच्या वेळेपुरत्याच जास्त असतात, मग दुपारी देण्यासारखं हातात फार काही येत नाही. आणि टर्मिनस बदललं की डेपोपासूनचे डेड किलोमीटर (रिकाम्या गाडीने कापायचे) बदलतात, ड्रायव्हरच्या ड्युट्या बदलतात, इलेक्ट्रिक बस असेल तर चार्जिंग कुठे करायचं हेही बदलतं. डेपो मॅनेजरला पहिल्या मीटिंगपासून बसवा, शेवटच्या नाही.

गाडी बदलायला लावताय, तर किमान हे द्या

लोकांना थेट बस आवडते, यात त्यांचं काही चुकत नाही. बदलायची गाडी म्हणजे उतरणं, चालणं, पुन्हा थांबणं, सोबत पोर असेल, पिशव्या असतील, पाऊस असेल. प्लॅनिंगमध्ये नेहमीचा ठोकताळा आहे की थांबण्याचा आणि चालण्याचा वेळ माणसाला साधारण दुप्पट वाटतो, गाडीत बसलेला वेळ जेवढ्यास तेवढा.

जुनी थेट बस दर २० मिनिटांनी, प्रवास ४५ मिनिटांचा. सरासरी थांबणं १० मिनिटं. घड्याळाने ५५, पण वाटतात ६५ (१० चे २० धरून). आता नवी सोय, बस २० मिनिटांची, मग ३ मिनिटं चालून रेल, ती ८ मिनिटांनी एक म्हणजे सरासरी ४ मिनिटं थांबायचं, आणि रेलमध्ये १२ मिनिटं. जोडणारी बस पूर्वीसारखीच दर २० मिनिटांनी ठेवली तर घड्याळ सांगतं ४९, म्हणजे तुम्ही प्रेझेंटेशनमध्ये "६ मिनिटं वाचली" असं छापणार. माणसाला वाटतात मात्र ६६. एक मिनिट जास्तच. आणि तो शिव्या घालतो तेव्हा अधिकाऱ्यांना कळत नाही की वेळ वाचवूनही हा का चिडलाय. तीच बस दर १० मिनिटांनी केली तर घड्याळ ४४ आणि वाटणारा वेळ ५६. आता फरक कळतो.

परतीचा प्रवास तर याहून वाईट असतो, कारण घरून निघताना माणूस ॲप बघून निघतो पण संध्याकाळी रेलमधून उतरल्यावर समोर बस निघून जाताना दिसली की पुढची २० मिनिटं तिथेच. म्हणून माझा नियम असा की जोडणारी बस दिवसभर निदान १५ मिनिटांनी, शक्यतो १० ने देता येत नसेल तर थेट बस तोडू नका. ह्यूस्टनच्या जाळ्याचा पायाच हा होता, ठरावीक रूटवर १५ मिनिटांत किंवा त्याआधी बस, तीही आठवड्याचे सातही दिवस. रविवारचं महत्त्व आपण फार कमी धरतो, दुकानात, हॉटेलात, हॉस्पिटलात काम करणाऱ्यांना रविवार नसतो.

सिॲटलजवळ कर्कलंडची २५५ नंबरची बस याच तत्त्वावर बदलली. ती तलावावरच्या पुलावरून थेट डाउनटाउनला जायची, ती युनिव्हर्सिटी स्टेशनला थांबवली आणि बदल्यात फेऱ्या वाढवल्या. नाराजी होतीच. नेमका बदल मार्च २०२० मध्ये आला आणि लगेच कोविडने ऑफिसं बंद झाली, त्यामुळे सुरुवातीच्या काळातल्या आकड्यांवरून कुणीच काही सिद्ध करू शकलं नाही.

रूटचा आकार

स्टेशन म्हणजे प्रत्येक बसचं शेवटचं टोक, हे डोक्यातून काढून टाका. स्टेशनवर संपणारी बस फक्त रेलच्या प्रवाशाच्या कामाची. तीच बस एका बाजूच्या वस्तीतून येऊन, स्टेशनला थांबून, पुढे दुसऱ्या बाजूच्या कॉलेजपर्यंत किंवा बाजारपेठेपर्यंत गेली तर रेलवाले, इकडून तिकडे जाणारे, मधल्या मधे चढणारे सगळे तिच्यात बसतात. दोन्ही टोकांना काहीतरी दमदार असावं आणि स्टेशन मधे यावं, हे सगळ्यात चांगलं. बहुतेक फीडर मरतात ते यामुळेच, त्यांच्या एका टोकाला स्टेशन असतं आणि दुसऱ्या टोकाला काहीच नसतं.

पण लांबीला मर्यादा ठेवा. फार लांब रूट झाला की एका टोकाचा ट्रॅफिक दुसऱ्या टोकाला उशीर करतो. सिॲटलची जुनी ४८ याच दुखण्याने बदनाम होती, शहराच्या वायव्येपासून युनिव्हर्सिटी करत दक्षिणेला माउंट बेकरपर्यंत, तीन-तीन बस मागोमाग यायच्या. २०१६ च्या बदलात तिचे दोन भाग केले, उत्तरेचा ४५ झाला आणि दक्षिणेचा ४८ राहिला, दोन्ही युनिव्हर्सिटीजवळ जोडलेले.

गोल फिरणारे रूट टाळाच. घर ते स्टेशन ५ मिनिटं असेल तर परतताना अख्खी वस्ती फिरून २५ मिनिटं लागतात.

मग प्रश्न येतो वळणाचा. बस मुख्य रस्त्याने सरळ जाते, स्टेशन आत ४०० मीटरवर आहे, आत वळवायची का? गणित करा. आत जाऊन यायला ४ मिनिटं लागतात, बसमध्ये सरळ पुढे जाणारे ३० लोक, तर ३० गुणिले ४ म्हणजे १२० मिनिटं लोकांची गेली. स्टेशनवर चढणारे-उतरणारे ६ जण, प्रत्येकाची ५ मिनिटांची चाल वाचली, ती दुप्पट वाटते म्हणून १० धरली तर ६० मिनिटं. वळवू नका, त्यापेक्षा फुटपाथ नीट करा. उलट बसमधल्या निम्म्यांना, म्हणजे १५ जणांना रेलच पकडायची असेल तर वाचले १५०, आणि उरलेल्या १५ जणांचे गेले ६०. वळवा.

स्टेशनवरचा स्टॉप, जिथे सगळं बिघडतं

उत्तम रूट, उत्तम वेळापत्रक, आणि बस थांबते रस्त्यापलीकडे, मधे सहा लेनचा रस्ता आणि सिग्नल लागत नाही तोवर उभे. असं असेल तर वरची सगळी गणितं फुकट. सिॲटलचं युनिव्हर्सिटीचं पहिलं स्टेशन स्टेडियमजवळ, मोठ्या रस्त्याच्या कडेला आहे, बसचे थांबे आजूबाजूला विखुरलेले, पादचारी पूल आहे पण चालावं लागतंच. त्यावरून झालेली टीका रास्त होती. ओटावाने याबाबतीत छान केलं, हर्डमन, ब्लेअर, टनीज पाश्चर अशा मोठ्या स्टेशनांवर बसचा फलाट तिकीट झालेल्या आतल्या भागातच ठेवला, बसमधून उतरा आणि परत कार्ड न दाखवता रेलच्या फलाटावर जा.

स्वतः जाऊन तपासायची यादी अशी. स्टॉपपासून फलाटापर्यंत घड्याळ लावून चाला, एकदा बॅग घेऊन आणि एकदा कुणातरी म्हाताऱ्या माणसासोबत. तीन मिनिटांवर गेलं तर जागा बदलायचा आग्रह धरा. लिफ्ट स्टॉपच्याच बाजूला आहे का बघा. परतीची बस रेलमधून बाहेर पडल्यावर दिसते का, की कुठल्या गेटने जायचं हेच कळत नाही? पावसात छप्पर सलग आहे का? रिक्षा कुठे उभ्या राहतात, कारण जागा ठरवून दिली नाही तर त्या बसच्या स्टॉपवरच राहणार आणि बस रस्त्याच्या मधे थांबणार, हे सांगायला कुठला तज्ज्ञ नको.

आणि ड्रायव्हरसाठी. टर्मिनसवर गाडी उभी करायला जागा हवी, एकाच वेळी किती गाड्या येतील तेवढी, आणि संडास हवाच. ही गोष्ट कुठल्याही चकचकीत अहवालात नसते, पण संडास नाही म्हणून ड्रायव्हर-कंडक्टर पुढच्या चौकातल्या हॉटेलपाशी गाडी लावतात आणि तुमचे ५ मिनिटांचे थांबे १२ मिनिटांचे होतात. दोष त्यांचा नाही.

रेलच्या स्टेशनचं डिझाइन एकदा काँक्रीटमध्ये गेलं की स्टॉप हलवता येत नाही, म्हणून या एका पायरीसाठी बसवाल्यांनी रेलवाल्यांच्या मीटिंगला काही वर्षं आधीपासून जाऊन बसायला हवं. रूट नंतर बदलता येतात.

वेळापत्रक

रेल दर ८-१० मिनिटांनी आणि बसही तशीच असेल तर वेळा जुळवायच्या भानगडीत पडू नका, आपोआप जुळतात. वेळा जुळवायची गरज पडते ती रात्री आणि ज्या रूटवर अर्ध्या तासाने बस आहे तिथे. तिथे बस रेलच्या येण्यानंतर चालायचा वेळ अधिक दोन-तीन मिनिटं धरून सोडा, आणि गाडी लेट आली तर ड्रायव्हरने किती मिनिटं थांबायचं हे लेखी द्या, नाहीतर एकजण थांबतो आणि दुसरा समोर माणसं पळत येताना बघून निघून जातो.

शेवटची रेल आणि शेवटची बस हा विषय स्वतंत्रपणे बघा. शेवटच्या रेलमधून उतरणाऱ्याला बस मिळालीच पाहिजे, त्यात दोनच माणसं असली तरी. कारण रात्री एकदा अडकलेली बाई दुसऱ्या दिवसापासून सकाळचीही बस सोडते, स्कूटी घेऊन निघते, आणि तुमच्या आकड्यात ते "सकाळचे प्रवासी घटले" एवढंच दिसतं.

तिकीट

गाडी बदलायला लावून वर दुसऱ्या तिकिटाचे पैसे घेणं म्हणजे दंडच. सिॲटल भागात ओर्का कार्ड आहे, बसवाल्या संस्था वेगळ्या, लिंकची मालक साउंड ट्रान्झिट वेगळी, पण कार्ड एकच आणि पहिल्यांदा टॅप केल्यापासून दोन तासांत बदललं तर आधी भरलेलं भाडं पुढे धरलं जातं, फरक असेल तेवढाच कापतो. मागे पैशांची वाटणी संस्था आपापसात करतात, प्रवाशाला त्याचं काय. ह्यूस्टनच्या क्यू कार्डवर ही मुदत तीन तासांची होती.

पुण्यात पीएमपीएमएल दोन महापालिकांची, मेट्रो महामेट्रोची, आणि हिंजवडी-शिवाजीनगर लाइन पीएमआरडीएच्या प्रकल्पातली. म्हणजे तीन गल्ले. एकच ॲप किंवा एकच कार्ड असणं वेगळं आणि भाडं एकत्र मोजणं वेगळं, पहिलं झालं म्हणून दुसरं झालं असं समजू नका. रूट बदलायच्या प्रस्तावातच "बदलून प्रवास केल्यावर जास्तीत जास्त भाडं किती" हा आकडा घाला. पूर्वी एका तिकिटात होणारा प्रवास आता महाग होणार असेल तर तो रूट तोडायचा नैतिक अधिकार तुम्हाला नाही, असं माझं स्पष्ट मत आहे.

लोकांसमोर जाताना

एकच तयार आराखडा घेऊन "सूचना व हरकती" मागवल्या की फक्त हरकती येतात. किंग काउंटी मेट्रोने (नाव मेट्रो, पण ही सिॲटलची बस चालवणारी संस्था) २०१५ च्या सुरुवातीला दोन पर्याय मांडले होते, एक मोठ्या बदलांचा, बऱ्याच जुन्या बस तोडून फेऱ्या वाढवणारा, आणि दुसरा जेमतेम बदलांचा. लोकांना दोन्हीची किंमत शेजारी शेजारी दिसली, मग बोलणं "माझी बस का काढता" वरून थोडंसं तरी "याऐवजी ते" कडे सरकलं. शेवटी मंजूर झालं ते मधलं काहीतरी, आणि ते रेल सुरू व्हायच्या चार-पाच महिने आधी, ऑक्टोबर २०१५ मध्ये काउंटी कौन्सिलने मंजूर केलं. तेवढा अवधी ड्युट्या लावायला आणि बोर्ड बदलायलाच जातो.

एक तक्ता नक्की बनवा, फायदा कुणाचा आणि तोटा कुणाचा, वस्तीनिहाय. तोटा लपवू नका, प्रत्येक बदलात काही लोकांचं वाईटच होतं. अमेरिकेत मोठ्या शहरांतल्या संस्थांना नियमानेच तपासावं लागतं की बदलांचा भार गरीब आणि अल्पसंख्याक वस्त्यांवर जास्त पडतो का. आपल्याकडे असं बंधन नसलं तरी तक्ता करायला कुणी अडवलेलं नाही. मीटिंगा संध्याकाळी हॉलमध्ये घेतल्या की निवृत्त मंडळी आणि कार्यकर्ते येतात. घरकामाला जाणाऱ्या बायका सकाळी साडेसहाच्या बसमध्ये असतात, तिथे चढा आणि विचारा.

नंबरांचंही बघा. रूट पूर्ण बदलला तर नंबर बदला. जुन्याच नंबरची बस वेगळीकडे जायला लागली की माणूस सवयीने चढतो आणि भलतीकडे उतरतो.

बदलाचा दिवस

रेल सुरू झाली त्याच दिवशी बस तोडायची नाही. सिॲटलने २०१६ मध्ये आठवडाभर मधे ठेवला. २०२४ मध्ये ३० ऑगस्टला उत्तरेकडच्या लिनवुड उपनगरापर्यंत रेल गेली आणि तिथल्या कम्युनिटी ट्रान्झिट या बस संस्थेच्या सिॲटल डाउनटाउनला जाणाऱ्या ४०० नंबरच्या बस साधारण दोन आठवड्यांनी, १४ सप्टेंबरच्या बदलात बंद झाल्या. त्यातलं मला जास्त आवडलेलं म्हणजे स्विफ्ट ऑरेंज ही नवी जलद बस त्यांनी मार्चच्या शेवटीच लिनवुड स्टेशनपर्यंत सुरू करून टाकली होती, रेल यायच्या पाच महिने आधी. जोडणारी बस आधी, रेल नंतर, तोडणं सगळ्यात शेवटी. हा क्रम पाठच करा.

ओटावाने तीन आठवडे दिले होते. १४ सप्टेंबर २०१९ ला कॉन्फेडरेशन लाइन ही त्यांची लाइट रेल सुरू झाली, समांतर बस ऑक्टोबरच्या सुरुवातीपर्यंत चालू ठेवल्या आणि मग काढल्या. तीन आठवडे ऐकायला बरे वाटतात, पण समांतर बस गेल्यावर काहीच दिवसांत दारांच्या बिघाडाने गाड्या अडायला लागल्या, स्टेशनांवर लोकांचे लोंढे, आणि परत आणायला बस हाताशी नाहीत. पुढे २०२१ मध्ये गाडी रुळावरून घसरली आणि लाइन जवळपास दोन महिने बंद राहिली, सगळं प्रकरण सार्वजनिक चौकशीपर्यंत गेलं. त्यामुळे दिवस मोजू नका, रेलची विश्वासार्हता मोजा. म्हणजे प्रस्तावातच अट घाला की रेलने सलग इतके आठवडे इतके टक्के फेऱ्या वेळेवर केल्या की मगच समांतर बस काढायच्या, आणि तोवर त्या चालवायचा जादा खर्च बजेटमध्ये आधीच धरा. रेलची गाडी अगदी नव्या मॉडेलची असेल तर ही अट आणखी कडक.

पहिल्या आठवड्यात प्रत्येक मोठ्या स्टेशनवर माणसं उभी करा, जॅकेट घातलेली, नकाशा हातात असलेली, आणि त्यातले निम्मे तरी जुने कंडक्टर असू देत, त्यांना सगळे रूट तोंडपाठ असतात.

नंतर काय बघायचं

पहिल्या महिन्यातले आकडे बघून काहीही बदलू नका, लोक अजून शिकतायत. मात्र गाड्यांचे खरे वेळ पहिल्याच आठवड्यात बघा, कारण चुकीचा धावायचा वेळ लगेच दुरुस्त करावा लागतो, तिथे थांबून उपयोग नाही. प्रवासीसंख्येवरून निर्णय सहा महिन्यांनंतर, आणि तुलना आधीच्या वर्षीच्या त्याच महिन्याशी, शाळा-कॉलेजच्या सुट्ट्या मधे आल्या की सगळं फसवं दिसतं. एकेका रूटचे प्रवासी बघण्यापेक्षा अख्ख्या पट्ट्याचे, बस आणि रेल मिळून, बघा. तोडलेल्या रूटवर तिकीट उत्पन्न कमी दिसणारच, कारण लोक आता कमी अंतर बसने जातात, म्हणून किलोमीटरमागच्या कमाईवर त्याला नापास करू नका. गाडी बदलणाऱ्यांचं भाडं नेमकं कुणाच्या खात्यात गेलं हे आधी तपासा.

आणि रेल बंद पडेल त्या दिवसाची तयारी कागदावर हवी. पर्यायी बसचा रूट आधीच ठरलेला, त्याला कायमचा नंबर (ओटावात तो आर-१ आहे), प्रत्येक स्टेशनबाहेर तिची जागा ठरलेली आणि तिथे आजच पाटी लावलेली. त्या बस कुठल्या रूटवरून काढायच्या हेही लिहून ठेवा, कारण ऐनवेळी कंट्रोल रूम सगळ्यात जवळच्या बस उचलते, आणि त्या नेमक्या स्टेशनला जोडणाऱ्याच असतात.